कागदालाही माया हवी



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यांच्या आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जाला वडिलांच्या नोकरीची जुनी कागदपत्रं जोडायची होती. मुलानं ती घरच्या घरी स्कॅन केली, प्रिंट काढले, फाइलला ओळीनं लावले आणि अर्ज देऊन आला. पंधरा दिवसांत अर्ज परत! कारण काय, तर नेमणुकीच्या पत्रावरचा क्रमांक वाचता येत नाही. क्रमांक होता कागदाच्या अगदी डाव्या कडेला. त्यातला थोडा प्रिंटरनं खाल्ला आणि उरलेला फाइलच्या भोकात गेला. त्या विचारतात, "ताई, मूळ कागदावर क्रमांक चांगला ठसठशीत आहे हो. मग आमचं चुकलं कुठे?"

चुकलं ते समासात. शाळेत बाई वहीचं पान दुमडून समास आखायला लावत, तोच हा समास. तेव्हा आपल्याला वाटायचं, की उगीच कागद वाया जातो. पण आता घरोघरी कागद स्कॅन होऊ लागलेत आणि ते काम बहुतेक घरांत आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून या वेळी लोणची-पापड बाजूला ठेवून समासाबद्दलच बोलू. घाबरू नका. ज्यांनी घरी एखादं पोलकं शिवलं आहे, त्यांना यातलं निम्मं आधीच येतं.

कापड बेतताना आपण काय करतो? मापाच्या रेषेवर कधी कातर चालवत नाही. बाहेर दोन बोटं माया सोडतो. माया सोडली नाही तर शिवण घ्यायला कापडच उरत नाही, आणि पुढे उसवून सैल करायचं म्हटलं तर हात हलवत बसावं लागतं. कागदाचंही तसंच आहे. समास म्हणजे कागदाची माया.

माझी फजिती

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःची चूक सांगते.

आमच्या सासूबाईंची पाककृतींची एक लांबोडकी वही होती. शाईनं लिहिलेली, लाल फडक्यात बांधलेली. २०२१ च्या उन्हाळ्यात मी ती मोबाईलवर स्कॅन करायला घेतली. मोबाईल कागदाची कड आपली आपण ओळखतो, बाहेरचा भाग कापतो आणि पान पांढरंशुभ्र करून देतो. मला फार कौतुक वाटलं. काही पानांवर चौकट थोडी आत बसत होती, पण मजकूर तर सगळा येत होता! मग मीच आणखी पुढे गेले. समासातल्या पेन्सिलीच्या रेघोट्या, तेलाचे डाग घाण दिसतात म्हणून चौकट अक्षरांना भिडवून घेतली. एका दुपारीत सगळी वही झाली. पीडीएफ करून नणंदा-जावांना पाठवलीसुद्धा. सगळ्यांनी वाहवा केली.

पुढच्याच पावसाळ्यात गावच्या घराचं कपाट गळतीखाली सापडलं. वही भिजली. शाई पानभर पसरली, आणि पानं सोडवायला गेलं की हातात लगदा येऊ लागला. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याकडे स्कॅन आहे.

मग एकदा वन्संचा फोन आला. कैरीच्या लोणच्याचं पान त्यांनी उघडलं होतं. त्या म्हणाल्या, "वहिनी, इथे नुसतं 'मीठ घालावे' एवढंच आहे. आई कडेला पेन्सिलीनं माप लिहायची, ते कुठे गेलं?"

मी गप्प झाले. सासूबाई शाईनं कृती लिहायच्या आणि प्रत्येक वर्षीचा अनुभव समासात पेन्सिलीनं. किती फोडींना किती मीठ, कोणत्या साली कैरी कोवळी होती, कोणाच्या मुंजीला किती लाडू पुरले. मी ज्याला रेघोट्या म्हटलं होतं, तोच खरा स्वयंपाक होता. तो मी माझ्या बोटानं कापून टाकला होता आणि मूळ फोटो ठेवलेही नव्हते.

समास रिकामा नसतो

तेव्हापासून कोणताही कागद हातात आला की मी आधी त्याच्या कडा बघते. तुम्हीही बघा. जुन्या पोथ्यांची पानं सुटी असतात, आणि त्यांचे क्रमांक समासातच लिहिलेले असतात. तो समास कापला तर पोथीचा क्रमच हरवतो. लिहिताना एखादा शब्द राहून गेला, तर लेखक ओळीत खूण करून तो समासात लिहीत असे. खरेदीखतासारख्या कागदात जिथे खाडाखोड झाली असेल, तिथे कडेला सह्या असतात. सरकारी पत्राचा आवक क्रमांक, तारखेचा शिक्का, पानांचे आकडे, सगळी वर्दळ कडेलाच.

म्हणून पहिला नियम: स्कॅन करताना कागदाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत, आणि कडेच्या बाहेर थोडी जमीनही दिसली पाहिजे. जमीन दिसली तरच खात्री पटते, की कागद इथे संपला, पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

आधी कागदाची तयारी

टाचण्या, गंजलेले स्टेपल हळूच काढा. स्टेपल ओढू नका, मागून त्याचे पाय सरळ करा आणि मग उचला. घडीचा कागद उलगडून दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवून एक-दोन दिवस राहू द्या. इस्त्री फिरवू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात उतरतो आणि अक्षरांवर डाग पाडतो. जुन्या दाखल्याला प्लॅस्टिकचं गरम आवरणही करून घेऊ नका. ते पुन्हा निघत नाही.

स्कॅनरची काच मऊ, किंचित ओलसर फडक्यानं पुसा. पाणी फडक्यावर घ्यावं, काचेवर शिंपडू नये. काही यंत्रांना कागद आपोआप आत ओढणारा भाग असतो. त्यात जुना, पातळ किंवा चुरगळलेला कागद घालू नका. असा कागद काचेवर हातानंच ठेवावा.

कागद पाठपोट लिहिलेला असेल तर मागची अक्षरं पुढे उमटतात. त्यावर सोपा उपाय आहे. कागदाच्या पाठीवर काळा कागद ठेवा आणि मग झाकण लावा. मागची अक्षरं फिकी होतात. शिवाय काळ्यावर कागदाची कडही स्पष्ट दिसते. पांढऱ्या झाकणावर पांढरा कागद कुठे संपला, ते यंत्रालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

सरळ कसा ठेवायचा

पुष्कळ जणी कागद काचेच्या कोपऱ्याला अगदी भिडवून ठेवतात. सरळ राहावा हा हेतू चांगला. पण बऱ्याच स्कॅनरना काचेच्या अगदी कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी दिसतच नाही, आणि कडेला लिहिलेला क्रमांक तिथेच गडप होतो.

त्यापेक्षा असं करा. काळ्या पुठ्ठ्याच्या बोटभर रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या कापा. एक काचेच्या वरच्या कडेला लावा, एक बाजूच्या कडेला. म्हणजे गुण्यासारखा काटकोन तयार होतो. आता कागद या पट्ट्यांना टेकवून ठेवा. कागद सरळही राहतो आणि कडेपासून दूरही. या दोन पट्ट्या माझ्या स्कॅनरच्या झाकणाखालीच असतात. पाहुण्यांना वाटतं काहीतरी तुटलं आहे.

कागद थोडा तिरका राहिला तर काय बिघडतं, असं वाटेल. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. तो फक्त एक अंश तिरका झाला तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाच मिलिमीटर सरकतो. म्हणजे वर समास आहे एक इंचाचा आणि खाली उरतो पाऊण इंचाच्या जवळपास. डोळ्याला जे जेमतेम जाणवतं, ते फाइलच्या भोकाला पुरेसं असतं.

तरीही तिरका आलाच, तर तो संगणकावर सरळ करता येतो. मात्र कशाच्या मापानं? कागदाच्या कडेवर विसंबू नका. जुने कागद हातानं कापलेले असतात, कडच वाकडी असते. मजकूर बघा. आपल्या देवनागरीला डोक्यावर रेघ आहे, ही किती सोय! शिरोरेषा म्हणजे आयती फूटपट्टी. एखादी लांब ओळ निवडा आणि तिची शिरोरेषा आडवी येईल इतकंच चित्र फिरवा. ज्यांच्या घरी मोडीतले कागद आहेत त्यांना तर हे आणखी सोपं. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत.

हातानं लिहिलेल्या पत्रात काही ओळी चढतात, काही उतरतात. तिथे मधली एखादी ओळ धरा आणि बाकीचं लिहिणाऱ्याच्या हातावर सोडून द्या. आजोबांची ओळ चढती असेल तर ती चढतीच असू द्यावी.

चित्र पुन्हा पुन्हा थोडं थोडं फिरवू नका. दर वेळी फिरवलं की अक्षरं किंचित धूसर होतात. काही चुकलं तर मूळ चित्रापासून पुन्हा सुरुवात करा आणि एकदाच, हवं तेवढं फिरवा.

कातर सर्वांत शेवटी

आता क्रम लक्षात ठेवा: आधी ऐसपैस स्कॅन, मग सरळ करणं, मग कापणं, मग समास. चित्र फिरवलं की त्याच्या कोपऱ्यांत त्रिकोणी मोकळ्या जागा पडतात. आधीच अक्षरापर्यंत कापून ठेवलं असेल तर कोपऱ्यातली अक्षरं त्या फिरण्यात जातात. बाहेर माया असेल तर ती जाते, मजकूर सुखरूप राहतो. आडवं कापड सरळ करून घेतल्याशिवाय आपण कधी बेतायला बसतो का?

या कामासाठी संगणकावर एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्याचं नाव स्कॅन टेलर. नावातच शिंपी! त्याचा क्रमही असाच आहे: पानाची दिशा ठरवणं, जोडपानं वेगळी करणं, तिरकेपणा काढणं, मजकुराभोवती चौकट टाकणं, समास सोडणं आणि शेवटी तयार पान बाहेर काढणं. मूळ चित्राला तो हात लावत नाही, तयार पानं वेगळ्या ठिकाणी ठेवतो. मजकुराची चौकट तो स्वतः टाकतो खरा, पण पेन्सिलीची फिकी ओळ किंवा कडेचा आकडा त्याच्या नजरेतून निसटू शकतो. चौकटीची कड धरून बाहेर ओढली की झालं. म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालायचं, नुसतं बटण दाबून उठायचं नाही.

समास किती सोडावा?

हा नेमका प्रश्न. आणि इथेच एक मेख आहे. समास कागदाच्या कडेपासून मोजत बसू नका. नव्या कागदाच्या कडेपासून पहिल्या अक्षरापर्यंत जी जागा, तो समास. मूळ पत्रालाच एक इंचाची डावी बाजू मोकळी असेल तर वर आणखी एक इंच घालायची गरज नाही. नाहीतर अक्षरं बारीक होतात आणि पानात नुसतं पांढरं मैदान दिसतं.

फाइलला लावायचा कागद असेल तर डावीकडे दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, बाकी तिन्ही बाजूंना सुमारे एक इंच. फाइलला लावायचा नसेल तर चारही बाजूंना पाऊण ते एक इंच पुरे.

डावीकडे जास्त का, तेही सांगते. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचानं पाडलेल्या भोकाचा मध्य कडेपासून १२ मिलिमीटरवर येतो आणि भोक असतं ६ मिलिमीटरचं. म्हणजे कडेपासून १५ मिलिमीटरपर्यंतचा भाग भोकाचाच समजा. पंच जरा आत बसला, की आणखी गेला. त्यात फाइल जाड असेल तर पान पूर्ण उघडतच नाही आणि शिवणीजवळची अक्षरं वाकून बघावी लागतात. दीड इंच सोडलं तर हे सगळं निभावून जातं.

पाठपोट प्रिंट काढणार असाल तर एक गोष्ट हमखास विसरते. पान उलटलं की शिवणीची बाजू उजवीकडे जाते. म्हणून मागच्या पानाला मोठा समास उजवीकडे हवा. पोलक्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या तर जे होतं, तेच इथे होतं.

घरगुती प्रिंटर सहसा कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. चार-पाच मिलिमीटर तो स्वतःसाठी राखून ठेवतो. तुमच्या चित्रात मजकूर तिथवर गेलेला असेल तर तो गेलाच म्हणा. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या बाबतीत पहिला घास त्याचाच होता.

लांब कागद लहान करताना

जुनी कोर्टाची, जमिनीची कागदपत्रं लांब कागदावर असतात. लीगल कागद २१६ मिलिमीटर रुंद आणि ३५६ मिलिमीटर लांब. ए-फोर २१० बाय २९७. मग काही जण तो कागद तसाच छापतात आणि खालच्या सह्या गायब होतात.

असं करा. चित्र ८० टक्के लहान आकारात घ्या, म्हणजे शंभराचं ऐंशी. मग लांबी होते २८५ मिलिमीटर. वर-खाली सहा-सहा मिलिमीटर उरतात. रुंदी होते १७३. बाजूला उरतात ३७ मिलिमीटर. प्रोग्रॅमनं चित्र मधोमध ठेवलं तर ही जागा दोन्हीकडे वाटली जाते आणि कुठेच पुरेशी राहत नाही. म्हणून चित्र उजवीकडे सरकवा, तिकडे पाच मिलिमीटर ठेवा. डावीकडे सव्वा इंचाहून थोडी जास्तच मोकळी जागा आपसूक मिळते, आणि मूळ कागदाचा स्वतःचा समास आणखी वेगळा. जागा तीच, पण नीट वाटली की पुरते. महिन्याच्या पगाराचं आपण दुसरं काय करतो?

लहान करताना लांबी आणि रुंदी एकाच प्रमाणात कमी झाली पाहिजे. पानात बसवायचं म्हणून एकाच बाजूनं दाबू नका. ओळखायची खूण सांगते: गोल शिक्का बघा. तो लांबट किंवा चपटा दिसला, की समजा काहीतरी ओढाताण झाली आहे.

ओळखपत्रासारखं छोटं कार्ड मात्र मूळ आकारातच छापावं. नेहमीचं कार्ड साधारण ८६ मिलिमीटर रुंद आणि ५४ मिलिमीटर उंच असतं. प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' असा पर्याय आधीच निवडलेला असतो, तो काढून १०० टक्के करा. कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर, वरच्या भागात, एकाखाली एक, मधोमध ठेवा. प्रिंट निघाला की कार्ड त्यावर ठेवून पाहा. बरोबर झाकलं गेलं, की काम फत्ते.

चार ओळींचं पान

वही किंवा बरीच पानं असलेलं पत्र असेल तर सगळ्या पानांचा समास एकसारखा हवा. नाहीतर पानं उलटताना मजकूर कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे उड्या मारतो आणि वाचणाऱ्याचं डोकं दुखतं. सर्वांत मोठा मजकूर असलेलं पान आधी शोधा. त्याच्या मापाचा कागद ठरवा आणि बाकीची पानं त्याच मापात बसवा. प्रत्येक पानाची पहिली ओळ वरून तेवढ्याच अंतरावर सुरू झाली पाहिजे, आणि डावी कडही एका रेषेत हवी.

शेवटच्या पानावर बहुधा चारच ओळी असतात. प्रोग्रॅमला मोकळीक दिली तर तो त्या चार ओळी ताणून पानभर करील किंवा पानाच्या मध्यावर आणून ठेवील. तसं होऊ देऊ नका. त्या ओळी वरच राहू द्या, खालची जागा रिकामी राहू द्या. ताटात शेवटी उरलेला घासभर भात आपण पसरून ताटभर करत नाही.

मोबाईल हाच स्कॅनर असेल तर

हरकत नाही, पुष्कळांकडे तेवढंच असतं. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पाटावर किंवा जमिनीवर गडद रंगाची चादर घाला. कागद त्यावर ठेवा. फ्लॅश बंद. मोबाईल कागदाच्या बरोबर वर, त्याला समांतर धरा. तिरका धरला तर वरची बाजू अरुंद आणि खालची रुंद येते. आपली सावली कागदावर पडत नाही ना, ते बघा.

मोबाईलनं कागदाभोवती चौकट दाखवली की थांबा. चारही कोपरे बोटानं थोडे बाहेर ओढा आणि मगच पुढे जा. इथेच माझा घात झाला होता. आणि 'पांढरंशुभ्र' करणारा पर्याय निवडू नका, रंगीत ठेवा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात पेन्सिलीची ओळ, फिका जांभळा शिक्का आणि लाल शाईची दुरुस्ती पुसली जाते.

बांधलेली वही असेल तर ती पूर्ण उघडून दाबू नका, कणा मोडतो. अर्धवट उघडून एका वेळी एकच पान घ्या. शिवणीच्या बाजूला अक्षरं वळतात, तिकडे हलक्या हातानं पान धरा. बोट फोटोत आलं तरी चालेल, पण अक्षरावर नको.

फोटोला स्वतःचं इंच-सेंटिमीटरचं माप नसतं, म्हणून पीडीएफ करताना कागदाचा आकार ए-फोर असा स्वतः निवडा. स्कॅनर वापरत असाल तर मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, पुरेसे होतात. काही प्रोग्रॅम समास इंचात न विचारता ठिपक्यांत विचारतात. ३०० च्या स्कॅनला ३०० ठिपके म्हणजे एक इंच. तेच ३०० ठिपके १५० च्या स्कॅनला दोन इंच होतात. एका वहीची निम्मी पानं एका मापात आणि निम्मी दुसऱ्यात केली, की समास असा लहान-मोठा होतो. मग प्रोग्रॅमला दोष देऊ नये.

मूळ प्रत वेगळी ठेवा

सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी सांगते. पहिला ऐसपैस स्कॅन, काळ्या पट्ट्यांसकट, कडेच्या डागांसकट, 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला कधी हात लावू नका. कापणं, सरळ करणं, समास सोडणं हे सगळं त्याच्या नकलेवर. पानांना ००१, ००२ असे क्रमांक द्या, म्हणजे दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसत नाही. एक प्रत घरात, एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे. मोबाईलवरून पाठवताना फोटो म्हणून नको, फाइल म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की बहुधा आकसून जातो.

आणि सरकारी कागदावरचा डाग, रेघ, कडेचा आकडा काहीही पुसून 'स्वच्छ' करू नका. जसा आहे तसाच जाऊ द्या. मूळ कागद तर जपून ठेवायचाच, स्कॅन आहे म्हणून तो टाकून द्यायचा नाही.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींना उत्तर. तुमचा मूळ कागद शाबूत आहे, तेव्हा काही बिघडलेलं नाही. काळ्या पट्ट्या लावून तो पुन्हा स्कॅन करा. चित्र ९० टक्के लहान करा आणि पानाच्या उजवीकडे सरकवा. मूळ कागद ए-फोर असेल तर डावीकडे पंधरा-सोळा मिलिमीटर मोकळे मिळतील. क्रमांक अगदी कडेला असल्यानं तेवढेही कमी पडतील, म्हणून ८५ टक्के करून पाहा. तेव्हा पंचवीस-सव्वीस मिलिमीटर मिळतात. प्रिंट निघाल्यावर आधी कोऱ्या कागदाला पंच करून तो वर धरा, आणि भोक क्रमांकावर येत नाही याची खात्री करून मगच खऱ्या प्रिंटला पंच लावा. आईंचं काम झालं की जरूर कळवा.

राहिली आमची वही. वन्संच्या फोननंतर मी ती सगळी पीडीएफ पुन्हा पहिल्यापासून बघितली. शेवटाकडची पाच पानं मला तेव्हा बिघडलेली वाटली होती. दुपारी चादर धुवायला टाकली होती, म्हणून ती पानं मी पांढऱ्या पलंगपोसावर ठेवून घेतली होती. मोबाईलला कड सापडली नाही आणि त्यानं काही कापलंच नाही. माझाही हात तोवर दमला होता, मी ती तशीच सोडली. त्या पाच पानांचा समास पूर्ण आहे, पेन्सिलीसकट. लोणच्याचं पान त्यांत नव्हतं. पण आवळ्याच्या लोणच्याचं होतं, आणि त्याच्या कडेला सासूबाईंनी लिहून ठेवलं होतं, 'मीठ कैरीप्रमाणेच, ४ वाट्या फोडींस १ वाटी.'

मी वन्संना लगेच फोन लावला. त्यांनी माप लिहून घेतलं. "वहीत लिहिलंत ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहिलं. समासात लिहिलं."